पंचबोलचा देवमन

परतवाड्याची मोटार चिखलदऱ्याला थांबली की देवमन आधी पाहुण्यांच्या चपला पाहायचा, मग तोंडं. चप्पल नाजूक असली तर देवी पॉइंटावर भागवायचं, जाडजूड असली तर थेट गाविलगड चढवायचा. भीमकुंडापाशी भीमाच्या हातून कीचक मारायचा, शहापुरात म्हशीचं दूध पाजायचं आणि शेवटी पंचबोल पॉइंटावर आणून म्हणायचं, "आता दरीले बोलतं करतो, साहेब!"

मग कानावर हात ठेवून तो पहिल्यांदा स्वतःच्याच नावाची हाळी द्यायचा. "देवमनऽऽ!" समोरचे कडे ते नाव परत पाठवायचे. पाच वेळा, असं त्याचं म्हणणं. एखाद्या मास्तरानं बोटांवर तीनच मोजले तर देवमन गंभीर चेहऱ्यानं सांगे, "बाकीचे दोन बारीक असतात जी. कान तयार लागते."

मग पाहुणे आपापलं ओरडत. पुण्याचे "कोण आहे तिकडे?" म्हणून विचारत, आणि दरीनंही तेच विचारलं की खूश होत. अकोल्याचे शेठ घसा खाकरून सरकीचा भाव विचारत. परतवाड्याची पोरं एकमेकांच्या बापाला शिव्या देत आणि त्या परत खाऊन हसत घरी जात.

देवमनची बायको चतुराबाई तिथेच करवंदीच्या जाळीपाशी उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसे. चौदा वर्षांत तिनं दरीला एकदाही हाक मारली नव्हती. "घरात हाक मारली त उत्तर येत नाही," ती म्हणे, "दरीच्या कुठं नादी लागू?"

बासष्ट सालच्या मे महिन्यात निरोप आला: मुंबईचे साहेब येणार, डाकबंगल्यासाठी एक गाईड नेमणार. पितळी बिल्ला आणि बारमाही पगार. देवमन हरखला. पावसाळ्यात डोंगरावर धुकं बसलं की पाहुणा फिरकत नसे, आणि चार महिने त्याला खाली सपाटीवर लोकांच्या शेतात निंदणी-खुरपणीला जावं लागे. बिल्ला मिळाला तर दरवर्षीचं ते घर सोडणं थांबणार होतं.

म्हणून त्यानं सराव धरला. आठ दिवस, सकाळपासून दुपारपर्यंत, दरीच्या तोंडाशी उभा राहून हाळ्या.

नवव्या दिवशी साहेब आले. सोबत बाईसाहेब आणि बगलेत कागद घेतलेला कारकून. देवमननं रामराम घालायला तोंड उघडलं, तर आतून नुसता वारा आला. त्यानं हातांनी दरी दाखवली. मग गड दाखवला. मग पुन्हा दरी.

"हा मुका आहे का?" साहेबांनी विचारलं.

कारकुनानं कागद चाळले. "तसं कुठे लिहिलेलं नाही, सर."

चतुराबाई टोपली बाजूला सारून उठली. "मुके नाही जी. आठ दिवस दरीसंग भांडून राह्यले व्हते. दरी जितली."

बाईसाहेब फिसकन हसल्या. तेवढ्यानं चतुराबाईला जोर चढला. तिनं कमरेवर हात ठेवला आणि हुबेहूब देवमनच्या आवाजात सुरू केलं, "हे पाहा साहेब, इकडं गाविलगड, खालतं जंगल, अन् मंधात ही दरी! खोली हजार हात!" मग आपल्या आवाजात, "हे म्हणतात जी. मोजाले कोनी उतरलं नाही."

देवमननं कपाळाला हात लावला. पण तो जिथं थांबायचा तिथंच ती थांबत होती, जिथं डोळे मोठे करायचा तिथं करत होती. आणि मग ती खरंच थांबली. ती का थांबली ते देवमनला कळलं. पुढं नावाची हाळी होती. रेशनच्या दुकानातसुद्धा ती नवऱ्याचं नाव शेजारणीला सांगायला लावत असे.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "प्रतिध्वनी असेल तर दाखवा. नाहीतर आम्ही निघतो."

"अहो बाई, काहीही ओरडा," बाईसाहेब म्हणाल्या.

"काहीबी कसं? दरीले यांच्या नावाची सवय हाय."

"मग घ्या की नाव!"

चतुराबाईनं देवमनकडे पाहिलं. तो हात जोडून उभा होता. "पाहा बाई," ती पुटपुटली, "बिल्ल्यापायी काय काय कराले लावतात!" तिनं पदर डोक्यावर सारखा केला, कड्याशी गेली आणि नव्या नवरीसारखी खाली मान घालून, पण पार खालच्या जंगलात जाईल अशा आवाजात म्हणाली,

"चौदा वर्सं शेंगा इकल्या, झाल्या चौदा मण,
घसा बसवून उभे राह्यले माहे देवमनऽऽ!"

दरीनं शेंगा सोडून दिल्या आणि तेवढं नाव धरलं. एकदा जवळून, एकदा गडाकडून, मग आणखी लांबून. देवमननं त्या दिवशी पहिल्यांदाच इमानानं बोटांवर मोजलं. पाच भरले.

 साहेबांनी कारकुनाला खूण केली. कारकुनानं पेनचं टोपण काढलं.

"गाईडचं नाव?"

देवमननं तोंड उघडलं. वारा. कारकून चतुराबाईकडे वळला.

"आता आनखीन काय?" ती लाजून लाल झाली होती आणि आवाज मात्र चढलेला. "एवढ्या मोठ्या डोंगरानं सांगतलं, तुमाले आयकू नाही आलं काय?"

कारकुनानं मान खाली घातली आणि लिहिलं.