वहिनींचं पहिलं पान

बोईसरला माझ्या चष्म्याच्या दुकानाशेजारी एका साप्ताहिकाचं ऑफिस आहे. शेजारच्या वहिनींच्या सासऱ्यांनी सुरू केलेलं ते साप्ताहिक आणि जोडीचा जाहिरातींचा धंदा आता वहिनीच चालवतात. त्यांना स्वस्थ बसून बोलताना मी कधी पाहिलेलं नाही. बातमी लिहून झाली की कागद घेऊन त्या माझ्याकडे धावत येतात, ‘भाऊ, ऐका, ऐका!’ मला एखादी ओळ कळली नाही, तर उभ्याउभ्या ती बदलतात.

परवा एका कंपनीचे साहेब पहिल्या पानासाठी अर्ध्या पानाची जाहिरात घेऊन आले. अट एकच होती, कंपनीच्या सांडपाण्यानं खाडीत मेलेल्या माशांची बातमी गाळायची.

‘जाहिरात छापते की,’ वहिनी म्हणाल्या, ‘पण मासेही त्याच पानावर येतील. सासऱ्यांपासून आमच्याकडे हीच रीत आहे.’

साहेब जाहिरात घेऊन निघून गेले. दरवर्षी वहिनींचा दिवाळी अंक याच कंपनीच्या जाहिरातींच्या जोरावर निघायचा. वहिनींचे डोळे मात्र चमकत होते.

‘भाऊ, अर्धं पान मोकळं झालं!’ असं म्हणत त्यांनी खाडीकाठच्या एका कोळणीला फोन लावला. ‘मावशी, माशांचे अजून फोटो आहेत?’

‘हायत ना बाय! किती पायजेत?’

‘सगळे!’ वहिनी ओरडल्या.