मास्तरबाईंचा आलेख

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत होती, म्हणून तिला सगळे मास्तरबाई म्हणत. चाळीस थर कापड अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूने रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून यंत्राचे पाते चालवायचे, हे काम ती एकतीस वर्षे करत आली होती. तिच्या रेघेवर बोट ठेवायची वेळ कुणावर आली नव्हती.

संध्याकाळच्या वर्गात मात्र तिच्या पहिल्याच आलेखावर सरांनी लाल फुली मारली.

पंधराव्या वर्षी तिची शाळा सुटली होती. आईने अंथरूण धरले आणि घर तिच्या अंगावर पडले. शाळेतून दाखला आणायला गेली त्या दिवशी, मोठ्या मुलांच्या वर्गातल्या फळ्यावर तिला एक आकृती दिसली. एक उभी रेघ, एक आडवी, आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन बाकदार वळणे. मावशीच्या हाताखाली ती तेव्हा नुकतीच बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्यापाशी बाही जोडायचे वळण, आखायला शिकत होती. वरच्या वर्गात शिवणकाम शिकवतात की काय, असे तिला वाटले. विचारायला कुणी नव्हते. दाखला घेऊन ती घरी आली, संसाराला लागली, मुलांची लग्ने केली. ती दोन वळणे मात्र मनात तशीच अडकून राहिली.

म्हणून शाळेची राहिलेली परीक्षा आता बाहेरून द्यायची, असे तिने ठरवले होते. वर्गात सातजण होते. एका कंडक्टरला बढती हवी होती, एका नर्सला पुढचा कोर्स करायचा होता. तुम्हाला काय हवंय, असे कुणी विचारले की मास्तरबाई नुसती हसायची. फळ्यावरची एक आकृती हवी आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

ती आकृती पाचव्या महिन्यात आली. सरांनी फळ्यावर लिहिले, वाय बरोबर सहा भागिले एक्स. एक्सला एकेक किंमत द्या, वाय काढा, ठिपके मांडा. तिने मांडले. एकाला सहा, दोनाला तीन, तिनाला दोन, सहाला एक. डावीकडे उणे एकाला उणे सहा, उणे दोनाला उणे तीन. ठिपके काटेकोर पडले आणि तीच दोन वळणे उमटू लागली. मग हाताने सवयीप्रमाणे केले. खालचा शेवटचा ठिपका आणि वरचा पहिला ठिपका तिने सरळ रेघेने जोडून टाकले. फर्म्याची रेघ मध्ये तुटली तर पाते कुठे वळवायचे? एकतीस वर्षांत तिने रेघ अधांतरी सोडली नव्हती.

“जोडलंत तुम्ही मास्तरबाई,” शेजारून कंडक्टर म्हणाला, “पण सरांनी उसवलं.”

सर तिच्या धाकट्या मुलाच्या वयाचे, स्वभावाने मऊ. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे ठिपका नाही, एवढे त्यांनी समजावले. तिने मान हलवली, आणि पुढच्या आलेखातही दोन्ही टोके जोडली. तिसऱ्या वेळी सर म्हणाले, “बाई, हा प्रश्न पर्यायी आहे. त्याऐवजी समीकरणं सोडवा. तुम्ही आरामात पास व्हाल.”

“पास व्हायचंच आहे, सर,” ती म्हणाली, “पण हे सोडून नाही.”

परीक्षेला बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बेतायच्या टेबलावर सहा मीटरचे कापड पडले होते. तिने डबा बाजूला सारला. तीन मीटरचा तुकडा कापला तर दोन निघतील. एक मीटरचा, तर सहा. अर्ध्या मीटरचा, तर बारा. एका सेंटिमीटरचा, तर सहाशे. तुकडा जितका बारीक, तितके तुकडे अधिक. आणि शून्य लांबीचा तुकडा? कात्री चालतच राहील आणि कापड तसूभरही कमी होणार नाही. किती तुकडे, या प्रश्नाला उत्तरच नाही. तिथे रेघ आणायची कुठून? ती कापडाकडे बघत बसली. भोंगा झाला तरी डबा उघडायचे तिला सुचले नाही.

संध्याकाळी तिने हे सरांना सांगितले. मग विचारले, “उजवीकडचं कळलं. पण डावीकडे, उणे मीटरचं कापड कुठे मिळतं?”

सगळा वर्ग हसला, सरही हसले. ते म्हणाले, “कापडानं इथवर आणलं ना, बाई? आता त्याला इथेच ठेवा. पलीकडे नुसते आकडे आहेत.”

त्या वाक्याने ती अस्वस्थ झाली. आजवर जे जे शिकली ते हाताला लागणारे होते. हे पलीकडचे आपल्याला केव्हाच मिळायला हवे होते, असे तिला वाटले. पुढचे दिवस ती त्या आकड्यांमध्येच वावरली. शून्यापाशी आले की पेन्सिल उचलायची, हे हाताला शिकवायला तिला आठ संध्याकाळी लागल्या.

परीक्षेत वाय बरोबर सहा भागिले, कंसात एक्स वजा दोन, असा आलेख आला. क्षणभर ती गांगरली. मग लक्षात आले, वळणे तीच आहेत, फक्त दोन घरे उजवीकडे सरकली आहेत. आता भाजक दोनापाशी शून्य होतो. ओलांडायची नाही अशी हद्द म्हणून तिने तिथे तुटक उभी रेघ आखली. तिनाला सहा, चाराला तीन. एकाला उणे सहा, शून्याला उणे तीन. उजवीकडचे वळण पुरे झाले. तिने पेन्सिल उचलली, हात हवेत थांबला, आणि मग तुटक रेघेच्या डावीकडे, खाली, दुसरे वळण तिने स्वतंत्र सुरू केले.

वेळ संपल्यावर पर्यवेक्षिकेने दोरे वाटले. आलेखाचा कागद उत्तरपत्रिकेला बांधून द्यायचा होता. मास्तरबाईने दोरा ओवला, पण गाठ मारेना.

“बाई, द्या ना,” पर्यवेक्षिका म्हणाली.

“हा कागद परत मिळतो का?”

“उत्तरपत्रिका कधी परत मिळते का? निकाल मिळेल.”

तिच्या हातून बेतलेले हजारो सदरे कुणाकुणाच्या अंगावर गेले होते. त्यातला एकही जवळ राहावा असे तिला वाटले नव्हते. तिने कागदावरून एकदा तळवा फिरवला आणि गाठ मारली. पर्यवेक्षिका गठ्ठा घेऊन पुढच्या बाकाकडे वळली. गठ्ठा दाराबाहेर जाईपर्यंत मास्तरबाई त्याच्याकडे बघत उभी होती.