मडकं वाजवणारी

म्हसा गावच्या जत्रेत यंदा मडकं घ्यायला मी एकटाच गेलो. दरवर्षी बायको वाजवून घ्यायची. ती श्रावणात वारली. आवाजावरून मला काय कळत नाय. कुंभाराच्या दुकानात शेजारी चष्मेवाली एक पोरगी बसली होती. बोटाच्या पेराने मडकं वाजवायची, डोळे मिटून ऐकायची. एक तिने माझ्यापुढे सरकवलं.

"हे घ्या बाबा. तडा नाय याला."

"कुंभाराची काय गो तू?"

"नाय ओ. मुंबईला प्रयोगशाळेत असते. मोबाईलची चिप ज्या खड्याची करतात, त्याच्यावर आमी उजेड मारतो. त्यातला थोडासा रंग बदलून परत येतो. त्यावरून खड्याच्या आतली थरथर कळते."

"गार केला की थांबत असेल."

"कमी होते. पण कितीही गार करा, पुरती थांबत नाय."

बायकोचा हात गार पडला तेव्हा मी तो लय वेळ धरून बसलो होतो. मला कसली थरथर लागली नाय. कुंभाराला पैसे दिले. मडकं उचललं आणि मुरबाडची एसटी धरली.

आता रोज सकाळी पाणी भरायच्या आधी मी ते वाजवतो. घरात तेवढाच आवाज.