सतरा निवेदनांची सूची

हे मी एका माणसाखेरीज आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ती सूची मीच दाखवली. स्वयंपाक्याचा त्यात काहीही संबंध नव्हता.

आता क्रमाने सांगतो. क्रम लावणं हाच माझा धंदा आहे. दोह्यातल्या एका इंजिनियरिंग कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कुठला नकाशा, कुठला नंबर, कुणी केला, कुणी तपासला, कुणाकडे गेला, याची नोंद ठेवायची. वीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही, हे मी लोकांनी न विचारताही सांगत असे.

आमच्याकडे एक सर्व्हेयर होता, समुद्रापलीकडच्या एका देशातला. देशाचं नाव लिहीत नाही, त्याची माणसं अजून तिथेच राहतात. तिथे क्रांती झाली तेव्हा हा आमच्या कॅन्टीनमध्ये नाचला होता, टेबलाटेबलावर जाऊन मिठाई वाटली होती. जुलमी माणूस गेला, आपली पोरं सत्तेवर आली, म्हणून. दोनेक वर्षांत तीच पोरं माणसं उचलायला लागली. आधी जुन्या राजवटीतली, मग विरोधात बोलणारी, मग नुसती गप्प बसणारीही. क्रांतीचं रक्षण करायला एक खातं काढलं होतं. त्यांच्या गाड्यांना नंबरप्लेट नसायची.

त्याच्या मुलखातले बरेच कामगार बरवा अल बराहाच्या वसाहतीत राहतात. दर शुक्रवारी हा तिथे जायचा आणि त्यांच्या घरच्यांवर काय गुदरलं ते वहीत उतरवून घ्यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने ती वही माझ्यापुढे ठेवली.

"भाई, बाहेरच्या देशात मानवी हक्कांचं काम करणारे लोक आहेत, त्यांना हे पाठवायचंय. पण सगळा पसारा झालाय. तुझी शिस्त लाव याला."

मी वाचलं. एकाच्या बापाला शाळेच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून दिवसचे दिवस उभं ठेवलं होतं. एकीला मुलासाठी धुतलेले कपडे आणायला सांगितलं होतं. ती दर आठवड्याला पिशवी नेऊन द्यायची आणि तुरुंगाच्या फाटकावरचा शिपाई ती घ्यायचा. मुलगा पहिल्याच महिन्यात गेला होता, हे तिला हिवाळा सरल्यावर कळलं.

मी शिस्त लावली. सतरा निवेदनं, प्रत्येकाला नंबर. त्याला नावं कुठेच नको होती. मीच हट्ट धरला. "नाव नसलेला कागद कोण मानतो? उद्या म्हणतील, दोह्यात बसून रचलंय." शेवटी तोड काढली: निवेदनांवर नुसते नंबर, आणि एका वेगळ्या पानावर सूची. नंबर, सांगणारा कोण, उचललेला कोण, नातं, गाव. ते पान माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. किल्ली माझ्याच खिशात.

एका सकाळी सर्व्हेयर साइटवर असताना एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा. सर्व्हेयरचं नाव त्यांनी इतक्या सलगीने घेतलं की मी खुर्ची पुढे केली.

"माझ्या मामालाही नेलंय," ते म्हणाले. "मला लिहून द्यायचंय. पण लिहितात कसं? एखादं दाखवता?"

मी चार नंबरचं दाखवलं. ते सावकाश वाचून म्हणाले, "इतकं सुबक काम आमच्या मंत्रालयातही होत नाही हो. आणि यांची नावं कुठे ठेवता?"

मी ड्रॉवर उघडला. कुणी धाक घातला नव्हता, कुणी काही देऊ केलं नव्हतं. माझं काम कुणीतरी पाहावं, एवढंच मला हवं होतं. त्यांनी पान टेबलावर सरळ केलं आणि मोबाइलने फोटो काढला. "नमुना म्हणून."

मी पाहिलं. 'तो फोटो पुसा' हे तीन शब्द जिभेवर आले होते. पण खजुराचा डबा घेऊन आलेल्या माणसाला, आपल्याच खुर्चीत बसवल्यावर, 'तुमचा फोन दाखवा' कसं म्हणायचं? बायको मला नेहमी म्हणते, "अहो, तुम्हाला नाही म्हणायचं असलं की मला फोन करायला लावता." त्या दिवशी ती नव्हती. मी चहा मागवला.

गृहस्थ मामाचं निवेदन घेऊन परत आलेच नाहीत. तीन आठवड्यांनी बातमी आली. नऊ नंबरचं निवेदन देणारा प्लंबर होता. त्याचा थोरला भाऊ गावी मास्तर. त्याला वर्गातून नेलं, फळ्यावर लिहिता लिहिता. नेताना विचारलं, "कतारमधला भाऊ आमच्याबद्दल काय काय सांगत असतो?"

सर्व्हेयर माझ्याकडे आला. चेहरा राखेसारखा. "सूची कुणी पाहिली का?"

"कुलपात आहे," मी म्हटलं. आणि कुलूप उघडून दाखवलं. पान जागेवरच होतं.

मग संशय वसाहतीतल्या मेसच्या स्वयंपाक्यावर गेला. तोही त्यांच्याच मुलखातला. इतरांचे पासपोर्ट महिनोन्‌महिने अडकले असताना त्याचा आठवड्यात नवा होऊन आला होता, एवढंच निमित्त. त्याच्या लोकांनी त्याच्या हातचं खाणं सोडलं, सलामही सोडला. त्याने बदली मागून घेतली आणि वसाहतीतल्याच नेपाळी कामगारांच्या मेसमध्ये गेला. मी हे सगळं ऐकत होतो, मान हलवत होतो. माझा इथे राहण्याचा परवाना, मुलीची बारावी, कारणं माझ्यापाशी तयार होती.

चार वर्षं गेली. सर्व्हेयर दुसऱ्या देशात स्थायिक झाला. गेल्या महिन्यात त्याचा निरोप आला: मास्तर सुटला. उजवं मनगट उचलत नाही, डाव्या हाताने लिहायला शिकतोय. त्याला स्वतःचं निवेदन द्यायचंय. "अठरावा नंबर त्याला दे. आणि तो विचारत होता, आमचं नाव-गाव त्यांना कुणी दिलं? मी सांगितलं, स्वयंपाक्याने."

त्या शुक्रवारी मुऐदरच्या माझ्या घरून निघालो, 'साइटवर काम आहे' सांगून, आणि नेपाळी मेस गाठली. जेवणं उरकली होती. स्वयंपाकी भाताचं भलंमोठं पातेलं घासत होता.

"ये मुदीर," तो म्हणाला. कागदवाल्या माणसाला तो थट्टेने असाच साहेब करतो. "आज कसला फॉर्म भरायचाय?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खजूर, ड्रॉवर, फोटो, चहा. त्याने नळ बंद केला.

"खजूर कसे होते?"

"काय?"

"त्याने आणलेले खजूर. निदान चांगले तरी होते?"

"चांगले होते."

"हं. म्हणजे सरकारने पैसे खर्च केले." तो हसला आणि लगेच थांबला. त्याने हात पुसले. मी म्हटलं, "मला माफ कर."

"मला कशाला सांगतोस, मुदीर? मी केलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग."

मग त्याने ताटात भात वाढला, डाळ घातली, ताट माझ्यापुढे सरकवलं. "खा. इथे बसून खा. बाहेर दोघं-तिघं आमच्याकडचे उभे आहेत, बघू देत."

मी खाल्लं.

अठरावा नंबर मी मास्तरला दिला. एकोणिसावं निवेदन माझं. ते लिहून तयार आहे: गृहस्थ, खजूर, फोटो, आणि स्वयंपाकी निर्दोष आहे हे पहिल्याच ओळीत. या निवेदनावर नंबरही आहे आणि नावही, पूर्ण. ते अजून पाठवलेलं नाही. ते सर्व्हेयरला पाठवणं, वसाहतीत त्या लोकांसमोर वाचणं, आणि मास्तरने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला माझ्या तोंडून देणं, एवढं मी अजून देणं लागतो.