उपरण्याचा रंग

आमचे हे जाऊन वर्ष व्हायच्या आत त्यांनी पक्ष बदलला. म्हणजे आमदारभाऊंनी बदलून दिला.

मी भाजी घेऊन सातपूरच्या आमच्या चौकात वळले, तर नव्या पक्षाच्या कार्यालयासमोर बांबूंना बांधलेला हा भलामोठा फ्लेक्स. वर भाऊ हात जोडून, मध्ये त्यांच्याबरोबर फुटलेले बाकीचे आमदार, आणि खालच्या कोपऱ्यात आमचे हे. जिवंत होते तेव्हाही कोपऱ्यातच असायचे. खाली लिहिलेलं, 'आमचे प्रेरणास्थान'. फोटो माझ्या ओळखीचा होता. भाऊ पहिल्यांदा निवडून आले त्या दिवशीचा, कपाळभर गुलाल, तोंडभर हसू. पण गळ्यातल्या उपरण्याचा रंग वेगळाच. कॉम्प्युटरवर बसून कोणीतरी जुन्या पक्षाचं उपरणं पुसून तिथे नव्या पक्षाचं रंगवलं होतं. मी तिथंच पिशवी खाली ठेवली. 

ओझरच्या कारखान्याची बस संध्याकाळी चौकात सोडायची, की हे घरी यायच्या आधी पक्षाच्या कामाला. पोस्टर चिकटवायची खळ माझ्या गॅसवर शिजायची, तीही माझ्याच पातेल्यात. मी बोलायचे, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. ते हसायचे. कधी तिकीट मागितलं नाही, पोराला कुठे चिकटवा म्हणाले नाहीत. गेले तेव्हा अमरधाममध्ये पक्षाचा झेंडा भाऊंनीच त्यांच्या अंगावर पांघरला, डोळे पुसले. मला ते रडणं खरं वाटलं होतं.

मग भाऊ आणखी काही आमदारांबरोबर परराज्यातल्या हॉटेलात जाऊन बसले, आणि परत आले ते नवा पक्ष घेऊनच. टीव्हीवर सांगत होते, आम्ही मधले, पण जरा उजवीकडचे. व्यापार-उद्योगाला मोकळीक, देवाधर्माचा मान, टोकाचं काही नाही. असेल बाई. चांगलाही असेल तो विचार, माझं त्याच्याशी भांडण नाही. जायचं तर खुशाल जा, पुन्हा मत मागायला या, लोक बघतील काय ते. पण ज्याला विचारता येत नाही त्याला कशाला बरोबर ओढता? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

कार्यालयाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी गेले. भाऊंनी वाकून नमस्कार केला.

"या काकू, या. आज काका असते तर सगळ्यात पुढे असते."

"असते तर तुम्हाला त्यांना विचारावं लागलं असतं. तो फोटो उतरवा."

"विचार तोच आहे हो काकू, झेंडा तेवढा बदललाय."

"झेंडा तुम्हीच घातला होतात त्यांच्या अंगावर. तो त्यांच्याबरोबर जळाला. आता हा दुसरा कोणाला विचारून घातलात?"

 फीत कापायची कात्री शेजारीच ताटात होती, कुंकवाच्या करंड्याजवळ. मी ती उचलली आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यातून ह्यांना कापून घेतलं. फ्लेक्स चिवट असतो, वेळ लागला. कोणी अडवलं नाही, मोबाइल मात्र सगळ्यांनी वर धरले. कात्री पुन्हा ताटात ठेवून मी घरी आले.

संध्याकाळी दारात जुन्या पक्षाचे दोघं जण, हातात हार.

"काकू, नाक कापलंत त्यांचं. आता आपल्या सभेला स्टेजवर बसायचं तुम्ही. काकांचा फोटो मोठा करून लावतो, आपल्या उपरण्यातला."

हे आजारी होते तेव्हा या दोघांपैकी एकही दवाखान्यात फिरकला नव्हता. आणि आता 'आपल्या' म्हणे.

मी आतून तो तुकडा आणून दाखवला. घरी आल्या आल्या मी हनुवटीखालून उपरणं कापून टाकलं होतं. राहिला होता नुसता चेहरा, गुलालासकट, हसणारा.

"एवढेच घरी आणलेत मी," मी म्हटलं. "उभा जन्म तुमचे होते. आता माझे राहू द्या. हार घेऊन जा, चहा घ्यायचा असेल तर बसा."

ते बसले नाहीत.