खाऱ्या पाण्यातली कारली

इथे आखातात, वादी कबीर भागात, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. पण मनाने ते दीडशे वर्षांपूर्वी राहतात. त्या काळचे निसर्गअभ्यासक झाडापानांबद्दल एकमेकांना जी पत्रं लिहीत, ती काका पोथीसारखी वाचतात. व्हॉट्सअ‍ॅप त्यांना चालत नाही. आमच्या दाराखालून त्यांची पत्रं सरकतात, तीही ‘स. न. वि. वि.’ घालून.

बिया समुद्र ओलांडून तगतात का, हे त्या अभ्यासकांनी बिया खाऱ्या पाण्यात भिजवून पाहिलं होतं. म्हणून काकांनी जवळच्या सीब किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी बरणीत भरून कारल्याच्या बिया तीन आठवडे बुडवल्या आणि निम्म्या मला दिल्या. "उगवल्या तर पुण्याच्या प्राध्यापकांना लिहायचंय. दिसेल तेच कळवा हं!"

माझ्या कुंडीत काही उगवेना. बायको म्हणाली, "तुमच्या हातून मनीप्लांटसुद्धा मरतो." मग इरेला पेटून मी नर्सरीतून एक वेल आणला, कुंडीत खोचला आणि ‘उगवलं!’ अशी चिठ्ठी वर धाडली.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, काका भिंग घेऊन आले. बराच वेळ पानं पाहिली आणि भिंग खिशात टाकून वर गेले. संध्याकाळी पत्र आलं : "कारल्याच्या बीतून दोडका! एका पिढीत एवढी उत्क्रांती अद्याप कोणी पाहिलेली नाही. पुण्याला कळवण्याआधी आपला खुलासा यावा."

मी कान पकडून खरं ते लिहिलं. लगेच उत्तर सरकलं : "आभारी आहे. माझ्याही उगवल्या नाहीत. पण तुमची चिठ्ठी वाचून दोन दिवस ऑफिसात शिट्टी वाजवत होतो."