गोठ्यातले चार दिवस

साखरा माझी धाकली जाऊ. लई गुणाची, पर नशीब फाटकं. निजामाच्या राजात, राजूरच्या शिवारात आमचं घर व्हतं. माझ्या दिराशी, धुळाजीशी, लगीन होऊन सहा सालं झाली तरी तिची कूस उजवली न्हाई. एकदा पाळी दहा दिवस लांबली, तर आमच्या सासूनं, साळूबाईनं, अख्ख्या भावकीत सांगून टाकलं. अकराव्या दिवशी साखरा बाहेर बसली अन् पाणवठ्यावरच्या बाया फिदीफिदी हसल्या. तवापासून सासूचं एकच टुमणं, "दिवाळीपर्यंत बघते. न्हाई तर धुळाजीला दुसरी करते."

श्रावणात साखरानं मला गोठ्यामागं ओढलं.

"जाऊबाई, मागल्या महिन्यात बाहेर बसले ना, ते खोटं व्हतं. पाळी आलीच न्हाई. आता फोडणीच्या वासानं मळमळतंय, छाती दुखून राह्यली, बसल्या जागी डोळा लागतोय."

मी तिची अलाबला घेतली. म्हणलं, चल जल्दी, आत्याबाईला सांगू. तिनं माझं तोंडच दाबलं.

"तीन महिने भरू द्या. पुन्हा हसं न्हाई करून घ्यायचं मला. तुम्हाला माझी शपथ."

पोरीचं डोकं बघा! पाळीचे दिवस आले की कावळा शिवला म्हणून खोटंच गोठ्याच्या कोपऱ्यात बसायची. सासू लांबूनच भाकर टाकायची. अन् मी मूर्ख, वरून पाणी ओतायची अन् मनात खुश व्हायची. तेवढेच चार दिवस तिला जातं सुटायचं, पाणी भरणं सुटायचं.

तिसऱ्या खेपेला अशीच बसली व्हती. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या अन् सगळं गेलं. घरात कुणाला काही वेगळं वाटलंच न्हाई. बाहेर बसलेल्या बाईचं रक्त कोण बघतंय? तिला ओरडायचीबी सोय नव्हती. पदराचा बोळा तोंडात कोंबून पडली बिचारी. मी तिला पोटाशी धरली. इटाळ गेला चुलीत!

दिवाळी झाली अन् सासू पोरगी बघून आली. मंग मी शपथ मोडली. सगळ्यांसमोर सांगितलं, "साखराला दिवस गेल्ते. पोट पडलं तिचं."

"कुणाला शिकवतीस गं?" सासू म्हणली. "बराबर तिन्ही महिने बाहेर बसली. ह्या हातानं भाकर टाकली म्या."

धुळाजीनं साखराकडं बघितलं. आता तिचं खरं कोण मानणार? खोटं तिचंच व्हतं.

सवत आली, सालभरात पाळणा हलला. साखरानं त्या लेकराला न्हाऊ-माखू घातलं, कधी कुरकूर केली न्हाई. फक्त एखाद्या दुपारी, ज्वारी निवडता निवडता, हळूच इचारायची,

"जाऊबाई, खरंच व्हतं ना वो?"

"व्हतं गं माय," मी म्हणायची. "व्हतं."

मरेपर्यंत इचारत राह्यली.